मास्टर पीस म्हणून नेमलेली गाय

कासारवाडीत भूषणभाऊंच्या घरी जेवायच्या आधी भाकरीची तपासणी होते. ताटात पडलेली भाकरी भाऊ हातात घेतात, डोळ्यांच्या रेषेत धरतात, अंगठ्याने कडेकडेने चाचपतात आणि मगच मोडतात. त्यांच्या पत्नी सोजरबाई ओट्यापाशी उभ्या राहून लग्न झाल्यापासून हा प्रकार बघत आल्या आहेत. "झाली का पास?" असं त्या विचारतात. नापास झालेली भाकरीही भाऊ तेवढ्याच आवडीने खातात, हा भाग निराळा.

पूर्ण नाव बुद्धभूषण. वडील भोसरीच्या एका फाउंड्रीत भट्टीसमोर उभे राहून म्हातारे झाले. पोराच्या हातात फावडं नको, मापाचं हत्यार असावं, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला आणि तो पुरा झाला. आयटीआय करून भाऊ आधी भोसरीत आणि मग कंपनी चाकणला गेली तसे चाकणला, जन्मभर एकाच खात्यात राहिले. ते खातं तपासणीचं. गाडीच्या गिअरबॉक्सचं ओतीव कवच पट्ट्यावरून समोर यायचं. ते उलटसुलट फिरवून बघायचं आणि ओरखडा, खड्डा, भोक दिसलं की बाजूला काढायचं.

काम डोळ्यांचं, आणि डोळे म्हटले की भांडण आलंच. एकाला जो ओरखडा वाटतो तो दुसऱ्याला नुसता डाग वाटतो. त्यासाठी कंपनीत एक पद्धत होती. अधूनमधून दोन तपासनिसांना समोरासमोर उभं करायचं, तेच तुकडे दोघांना दाखवायचे आणि दोघांनी एकाच वेळी छातीशी बोटं धरून निकाल द्यायचा. बोटांनी अशासाठी, की मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकूच जात नसे. बोटं जुळली नाहीत तर काचेच्या कपाटातून मास्टर पीस काढायचा. मास्टर पीस म्हणजे सगळ्यांनी मिळून नक्की केलेला नमुना. तो मखमलीवर ठेवलेला असे आणि त्याला हात लावायला मोजे घालावे लागत. त्याच्याशी ताडून बघितलं की कोणाचा डोळा चुकला ते कळायचं. भाऊंचा कधी चुकला नाही, असं भाऊ सांगतात.

मग कंपनीत कॅमेऱ्याचं यंत्र आलं. त्याला चहा लागत नव्हता, सुट्टी लागत नव्हती आणि ते कोणाशी भांडतही नव्हतं. भाऊंना हार मिळाला, शाल मिळाली आणि भिंतीवर लावायचं एक घड्याळ मिळालं. ते घड्याळ वाकडं बसलंय म्हणून भाऊंनी इतक्या वेळा काढून लावलं की भिंतीचं प्लॅस्टर पडलं. घरात बसून ते पडद्याच्या घड्या मोजायला लागले तेव्हा सोजरबाई म्हणाल्या, "अहो, कुठंतरी कामाला जा. माझ्यासाठी जा."

पण त्याच सोजरबाईंना एक गोष्ट खुपत होती. भाऊ उजवा पाय ओढायला लागले होते.

"रस्ता उतरता आहे," भाऊ म्हणायचे.

"घरातसुद्धा उतरता आहे का?"

"फरशी बघ नीट. लेव्हलमध्ये नाही."

गुडघा दुखत होता हे भाऊंना चांगलं ठाऊक होतं. कासारवाडी स्टेशनचा जिना उतरताना ते कठडा धरत आणि कोणी बघतंय असं वाटलं की सोडून देत. कारण साधं होतं. पाय ओढणाऱ्या माणसाचं कंपनीत काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आधी त्याला स्टूल देतात, मग हलकं काम देतात, मग हार घालतात. एकदा हार घालून झाला होता. दुसऱ्यांदा घालून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

अशात जयसिंगचा फोन आला. जयसिंग चाकणच्या पलीकडचा, कंपनीच्या कॅन्टीनला दूध घालणारा, चाळिशीतला गडी. अर्धी जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा उरलेल्या जमिनीवर त्याने मुक्त गोठा बांधला होता. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाई मोकळ्या फिरायच्या आणि सकाळ-संध्याकाळ सिमेंटच्या लांब गल्लीतून चालत दूध काढायच्या जागेपर्यंत जायच्या. गोठा बघण्यासारखा होता. पण सिमेंटवर चालून खूर झिजायचे, तळव्याला जखमा व्हायच्या आणि गाई लंगडायच्या. एक गाय लंगडते हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि आलं तेव्हा ती बसली होती. ती पुन्हा उठली नाही. चार माणसांनी दोर लावून तिला उठवायचा प्रयत्न केला, त्या दिवसापासून जयसिंग धास्तावला होता.

गोठ्यावर येणाऱ्या डॉक्टर निवेदिता यांनी त्याला उपाय सांगितला. गाईच्या चालीला गुण द्यायचे. पाठ सरळ, पावलं लांब, ती एक. नुसती पाठ वाकली तर दोन. पाऊल आखडलं, डोकं खालीवर झालं तर तीन. उघड लंगडली तर चार. आणि पाय टेकवेचना तर पाच. गुण दोन माणसांनी वेगवेगळे द्यायचे, कारण एकाच्या डोळ्यावर विसंबून राहिलात तर पुन्हा फसाल, असं त्यांनी बजावलं. त्याला जयसिंगने स्वतःचा एक नियम जोडला. जिला तीन किंवा जास्त मिळाले, ती शनिवारी चाकणच्या बाजारात. बसल्यावर रडण्यापेक्षा चालतेय तोवर विकलेली बरी, असा त्याचा हिशेब होता, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत गाय बसली त्याला आपण काय शिकवणार?

"भूषणराव," तो फोनवर म्हणाला, "दोन माणसं पाहिजेत. एक आहे माझ्याकडं. दुसरे तुम्ही या. आमच्या गोठ्यात जरा क्वालिटी आणा राव."

भाऊ दुसऱ्याच दिवशी नाशिक फाट्यावर बससाठी उभे. मोशी ओलांडून चाकणच्या चौकात बस अडकली की अडकली. शेजारी कंटेनरवाला इंजिन बंद करून तंबाखू मळत बसलेला असायचा. पण भाऊंना ती सवयच होती. उलट कामाला निघालेल्या माणसांच्या गर्दीत पुन्हा आपण आहोत याचा त्यांना आनंद झाला.

गोठ्यातलं दुसरं माणूस म्हणजे चतुराबाई. जयसिंगच्या आईच्या वेळेपासून त्या त्याच्या गुरांत होत्या. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. सगळ्या गाई त्यांच्या होत्या, पण रंभा ही त्यांची खास. रंभा जन्मली आणि तिची आई गेली. मग चतुराबाईंनी बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं. नावही त्यांनीच ठेवलं. रंभा चालायचीच तशी. पाठ सपाट, मान सरळ, पुढचा पाय उचलला की मागचा बरोबर त्याच जागी पडायचा. गल्लीतून ती जायला लागली की चतुराबाई खराटा थांबवून बघत राहायच्या.

भाऊंनी कारखान्याची पद्धत लावली. गल्लीच्या एका अंगाला ते, समोर चतुराबाई. मध्ये एक गाय सोडायची, ती निघून गेली की भाऊ "हं" म्हणणार आणि दोघं छातीशी बोटं धरणार.

पहिल्या दिवशी बोटांची नुसती लढाई झाली. भाऊंनी एका गाईला तीन दिले, चतुराबाईंनी एक.

"अहो, ती आखडतेय पाय."

"ती न्हाई आखडत. ती नखरेल हाय. तिची आई बी अशीच चालायची."

"आईचं काय करायचंय आपल्याला? आज हिची चाल बघा."

"आन् ह्या पलीकडच्या गरीब गाईला तुमी तीन दिलं? ती बिचारी कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई."

अशी कथा. चतुराबाई गाईचा स्वभाव बघून गुण द्यायच्या आणि भाऊ गाय म्हणजे ओतीव कवच असल्यासारखे. त्यांना केसाएवढी खोट दिसली तरी तीन बोटं वर. भाऊंच्या हिशेबाने शनिवारी अर्धा गोठा बाजारात न्यावा लागला असता. जयसिंगने कपाळाला हात लावला. "भूषणराव, दूध काय मी देऊ काय?" तो म्हणाला.

तेव्हा भाऊंना मास्टर पीस आठवला. वाद मिटवायचा तर नमुना पाहिजे. त्यांनी चतुराबाईंना समजावलं की प्रत्येक गुणाची एकेक गाय आपण दोघांनी मिळून नेमू, आणि मग येणाऱ्या प्रत्येक गाईला या नेमलेल्या गाईंशी ताडून बघू. दोनची गाय ठरली, तीनची ठरली. ती तीनची बिचारी पुढच्या शनिवारी विकली गेली, पण तिची चाल दोघांच्या डोळ्यांत बसली. राहिली एकची. त्यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं.

"रंभा," चतुराबाई म्हणाल्या.

"रंभा," भाऊ म्हणाले.

चतुराबाईंचा चेहरा असा फुलला, की जणू लेकीचा शाळेत पहिला नंबर आला. त्या दिवसापासून त्या भाऊंना "सायेब" म्हणायच्या थांबल्या आणि "भूषणदादा" म्हणायला लागल्या. डब्यातली मिरचीची चटणी अर्धी त्यांना मिळायला लागली.

आणि पद्धत चालली की! रोज सकाळी आधी रंभाला सोडायचं. दोघांनी तिला नीट बघून घ्यायचं, डोळे तयार करायचे, आणि मग बाकीच्या गाई. पंधरवड्यात बोटं जुळायला लागली. उन्हाळा लागेस्तोवर दहा गाईंत एखादीवर फरक पडला तर पडला. शिवाय दुसरी एक चांगली गोष्ट घडत होती. तीनच्या गाई कमी होत चालल्या. मग दोनच्याही कमी झाल्या. गोठाच सुधारत होता. जयसिंग पाहुण्यांना गल्लीशी आणून उभा करायचा आणि म्हणायचा, "आमची दोन माणसं बघा, एका डोळ्यानं बघतात." भाऊ घरी येऊन हे सोजरबाईंना सांगायचे. त्यांनी सोजरबाईंनाही बोटांची भाषा शिकवून ठेवली होती. भाजी कशी झाली, तर पाचपैकी बोटं. सोजरबाई एकदा त्यांच्या गुडघ्याकडे बघत छातीशी तीन बोटं धरून उभ्या राहिल्या. भाऊंनी एक बोट दाखवलं आणि आंघोळीला निघून गेले.

डॉक्टर निवेदिता मध्ये बाळंतपणाच्या रजेवर होत्या. पावसाळा सरता सरता त्या परत आल्या. येताच म्हणाल्या, "दाखवा तुमची जोडी. मीही बोटं धरते."

भाऊंनी मोठ्या ऐटीत रंभाला सोडलं. "ही आमची एक," ते म्हणाले. "हिला फक्त बघून घ्या. गुण द्यायचे नाहीत."

रंभा गल्लीतून गेली. डॉक्टरांनी गुण दिलेच. त्यांच्या छातीशी तीन बोटं होती.

"डाक्टरीनबाई, ती रंभा हाय," चतुराबाई म्हणाल्या. डॉक्टरांना ऐकू आलं नसेल असं त्यांना वाटलं.

"हो मावशी. डाव्या मागच्या पायावर भार देत नाहीये ती. पाठ बघा तिची."

"मॅडम, तीन कसे असतील?" भाऊ हसले. खरंच हसले, कारण त्यांना हा विनोदच वाटला. "ती मास्टर पीस आहे. मास्टर पीस चुकला तर मग जगात बरोबर काय राहिलं?"

डॉक्टर हसल्या नाहीत. जयसिंग दाराशी उभा होता, तोही हसला नाही. बुधवार होता. त्याच्या मनात शनिवार आला असणार. चतुराबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या गल्लीत उतरून रंभाच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"एक हाय ती," त्या ठासून म्हणाल्या. "भूषणदादा, सांगा की."

भाऊ म्हणाले, "एक." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आधी निकाल दिला होता आणि तुकडा नंतर बघत होते. रंभा पाण्याच्या हौदाशी उभी होती. तिची पाठ सपाट आहे की वाकलेली, हे त्यांना सांगता येईना. ती रंभा आहे एवढंच दिसत होतं.

अशा वेळी कारखान्यात काय करायचे? तुकड्यावरचा नंबर झाकायचे. कोणता तुकडा कोणत्या मशीनचा हे तपासनिसाला कळू द्यायचं नाही. भाऊंनी तेच सुचवलं. जयसिंगने फोन पालथ्या बादलीला टेकवून जमिनीलगत उभा करावा, म्हणजे गाईचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसतील. शेणाने माखलेले पाय, सगळे सारखे. नाव नाही, तोंड नाही, पाठीवरचे ठिपके नाहीत. गाई हाकलायला भाऊ स्वतः मागे राहतील. मग जयसिंगने त्या चित्रफिती उलटसुलट क्रमाने लावाव्यात आणि तिघांनी बोटं धरावीत.

"पण मावशी, पाठ दिसणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या पावलांवर ठरवावं लागेल. मीही चुकेन."

"चुका की," चतुराबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्याच होत्या.

दुपारी जयसिंगच्या ऑफिसात, म्हणजे पेंडीच्या पोत्यांमध्ये टेबल आणि टीव्ही ठेवलेल्या खोलीत, तिघं बसले. एकमेकांकडे बघता येऊ नये म्हणून भाऊंनी तीन खुर्च्या पुढेमागे मांडल्या. जयसिंग टीव्हीपाशी उभा राहिला. कोणता पाय कोणाचा हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

पहिल्या काही गाईंवर बोटं पार विस्कटली. भाऊ आणि चतुराबाईसुद्धा जुळेनात. महिनोन् महिने एका डोळ्याने बघणारी ती दोन माणसं, आणि एकाची दोन बोटं तर दुसऱ्याची चार. जयसिंगने डॉक्टरांची फजिती केली ती वेगळीच. एकच चित्रफीत त्याने दोनदा लावली, आणि डॉक्टरांनी तिला आधी दोन दिले आणि नंतर तीन.

"मी माझ्याशीच जुळले नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. त्या हसल्यामुळे खोलीतली हवा जरा सैल झाली.

मग आणखी एक गाय आली. तीन पाय सिमेंटवर पूर्ण टेकत होते आणि चौथा टेकता टेकता उचलला जात होता. पाऊल आखूड पडत होतं. चतुराबाई चटकन म्हणाल्या, "आगं बया बया, हिला किती दुकतंय!" आणि त्यांची तीन बोटं वर गेली. भाऊंची तीन. डॉक्टरांची तीन.

जयसिंगने चित्रफीत थांबवली आणि रिमोट उगाच उलटा करून बघितला.

"कोण रे ती?" चतुराबाईंनी विचारलं.

"मावशी, रंभा."

चतुराबाईंनी वर धरलेली बोटं दुसऱ्या हाताने धरून खाली घेतली. त्या रडल्या. आवाज न करता रडल्या, आणि त्यांच्यासारख्या बाईला आवाज न करता रडताना बघून जयसिंग खोलीबाहेर जाऊन परत आत आला. "रोज बगत हुते की मी तिला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. तिलाच पैलं बगत हुते."

भाऊंना एव्हाना सगळं समजलं होतं आणि त्याची त्यांना विलक्षण लाज वाटत होती. मास्टर पीस कपाटात मखमलीवर असतो. रंभाला त्यांनी मास्टर पीस केलं आणि रोज दोन वेळा सिमेंटवर चालवलं. ती तीळ तीळ बिघडत गेली, रोजच्या बघण्यात ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी काय? रंभा चालेल ती एक, असंच ठरलेलं होतं. तिच्याशी ताडून बघितलेल्या बाकीच्या गाईही मग चांगल्याच दिसणार. गोठा सुधारलाच नव्हता. दोघांची बोटं जुळत होती, कारण दोघं मिळून चुकत होते. भाऊंनी हे सगळं मोठ्याने बोलून दाखवलं.

"गाईचा काही गुन्हा नाही," शेवटी ते म्हणाले. "चतुराबाईंचाही नाही. पद्धत माझी होती."

"ते झालं भूषणराव," जयसिंग म्हणाला. "पण तीन म्हणजे तीन. नियम मी रंभासाठी मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडेन. परत एखादी बसली तर?"

"तर मग माजं बी ऐक, जयसिंगा," चतुराबाईंनी डोळे पुसले. "आजपास्नं माजं तिसरं बोट कंदीच वर व्हनार न्हाई. कुटल्याच गाईला. ने तू बाजाराला, कशी नेतो बगते."

त्या धमकी देत नव्हत्या. जे होणार ते सांगत होत्या. भाऊंना ते पटलं, कारण हे त्यांनी आधी बघितलेलं होतं.

"जयसिंग, ऐका जरा," ते म्हणाले. "आमच्या कंपनीत एक साहेब आला होता. नापास तुकडा सापडला की मशीनवाल्याचा पगार कापायचा. आठवड्याभरात नापास तुकडे सापडायचे बंद झाले. खराब तुकडे बंद नाही झाले, सापडायचे बंद झाले. समोरच्या माणसाचं घर आम्हाला माहीत होतं ना. तीनचा अर्थ बाजार असेल तर तुमच्या गोठ्यात कोणी तीन बघणारच नाही. मीसुद्धा नाही बघणार."

"मग तीनचा अर्थ काय लावू?"

"खोडा," डॉक्टर म्हणाल्या. "तीन मिळाले की गाय त्याच दिवशी खोड्यात, म्हणजे जखडून धरणाऱ्या चौकटीत, उभी करायची, खूर उचलून बघायचा, तासायचा. लवकर सापडली तर बऱ्याच गाई बऱ्या होतात. सगळ्या होतील असं मी म्हणत नाही. पण बसलेली ती गाय तुम्हाला तीनवर असताना कोणी दाखवली असती तर?"

जयसिंगने टीव्हीवरच्या थांबलेल्या चार पायांकडे बघितलं. "आधी खोडा," तो म्हणाला. "त्यातून नाही सुधारली तर मग बघू. चालेल का मावशी?"

चतुराबाईंनी मान हलवली. एवढ्यावर सगळे उठले असते, पण जयसिंगचा अंगठा चुकून रिमोटवर पडला आणि शेवटची चित्रफीत सुरू झाली. शेवटची गाय गेल्यावर तो फोन बंद करायला विसरला होता. गल्ली रिकामी होती. मग पडद्यावर दोन काळे गमबूट आले. डावा बूट लांब पडत होता. उजवा त्याच्यामागे खरडत येत होता, टेकायच्या आधीच उचलला जात होता.

भाऊ अजून कोणती गाय येते याची वाट बघत होते. काही आलं नाही म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं. चतुराबाईंनी छातीशी तीन बोटं धरली होती. डॉक्टरांनी तीन धरली होती. आणि ज्याने आजवर एकाही गाईला गुण दिले नव्हते, त्या टीव्हीपाशी उभ्या असलेल्या जयसिंगचीही तीन बोटं वर होती. दिवसभरात तिघांचं इतकं बिनतक्रार जुळलं नव्हतं.

कंपनीतलं स्टूल भाऊंना दिसलं, हलकं काम दिसलं, हार दिसला. "फरशी..." असं त्यांनी सुरू केलं, पण फरशीचं काय ते त्यांना पुढे सुचलं नाही.

"भूषणराव," जयसिंग म्हणाला, "नियम आत्ताच बदललाय. तीन म्हणजे बाजार नाही. तीन म्हणजे आधी खोडा. जाऊन दाखवून या. तुमची जागा कुठं जात नाही."

भाऊंनी मान खाली घातली. त्यांना रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये असंही वाटत होतं. चतुराबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "चला भूषणदादा, रंभाला खोड्यात घ्यायची हाय. दोर धरा."

रंभाच्या मागच्या डाव्या खुराच्या तळव्याला व्रण निघाला. डॉक्टरांनी तो भाग तासून मोकळा केला आणि खुराच्या दुसऱ्या, निरोगी नखाखाली लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे दुखऱ्या भागावर भार येऊ नये. पुढचे कितीतरी दिवस रंभा गल्लीतून टॉक टॉक वाजत जायची आणि चतुराबाई तिला "मडम आली" म्हणायच्या. दिवाळीला तिची दोन बोटं झाली. त्यानंतर तिला पुन्हा कधी तीन मिळालेच नाहीत का, तर मिळाले, मध्ये एकदा, आणि तेव्हा ती पुन्हा खोड्यात गेली. आता गोठ्यात जिवंत गाय मास्टर पीस नसते. जयसिंगच्या फोनमध्ये चित्रफिती ठेवल्या आहेत, सर्वांनी मिळून ठरवलेल्या, आणि चाल बघायच्या आधी दोघंही त्या बघून घेतात. बोटं पूर्वीइतकी जुळत नाहीत. जुळली नाहीत की आता भाऊ आधी गाय पुन्हा चालवतात, वाद नंतर घालतात.

स्वतःच्या खोड्यात जायला मात्र भाऊंनी चालढकल केली. अखेर एका सोमवारी सोजरबाईंनीच त्यांना पिंपरीच्या महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. केसपेपर काढला, रांगेत उभं राहिलं, नंबर आला. डॉक्टर तरुण होते, पण घाईतले नव्हते.

"दारापर्यंत चालून दाखवा," ते म्हणाले.

भाऊ चालले. दाराशी पोचेपर्यंत त्यांनी पाय सावरून धरला, सरळ टाकला, कठड्याची जिथे गरज होती तिथे दात आवळले. परत येताना मात्र त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाय सोडून दिला. जसा खरडतो तसा खरडू दिला. डॉक्टरांनी ते बघितलं.

"किती त्रास होतो? आकड्यात सांगा."

सवयीने भाऊंचा हात छातीशी गेला आणि दोन बोटं उघडली. डॉक्टरांच्या मागे बाकावर सोजरबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भाऊंची नजर तिकडे गेली. पिशवीच्या बंदावर त्यांनी चार बोटं धरली होती. रात्री कूस बदलताना कोण कण्हतं, मोरीच्या पायरीवर कोण थांबतं, हे त्या बाईने बघितलेलं होतं, आणि भाऊंनी कधी बघितलं नव्हतं. बोटं जुळत नव्हती आणि तिथे काचेचं कपाटही नव्हतं.

भाऊंनी आणखी दोन बोटं उघडली.

"चार?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "दहापैकी ना?"

"पाचपैकी," दोघं एकदम म्हणाले.